‘शुभेच्छा द्या, हात मिळवा, सही ठोका’: राष्ट्रपतिपदावरच्या एका फॉरवर्डला उत्तर

राष्ट्रपतिपदाबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. थोडक्यात असा: ‘राष्ट्रपती करतात काय? दिवाळी-ईदेच्या शुभेच्छा देतात. परदेशी पाहुणे आले की हात मिळवतात, मेजवानी देतात. वरून येईल त्या कागदावर सही ठोकतात, कारण नाही म्हणायचा अधिकारच नाही. राष्ट्रपतींचे आदेश म्हणजे पंतप्रधानांचेच आदेश. सगळी इंग्लंडच्या राजाराणीची नक्कल. यासाठी ३४० खोल्यांचं घर आणि महिना ५ लाख पगार. रद्द करा हे पद!’

३४० खोल्या खऱ्या आहेत. ५ लाखही खरे. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते ठरले आणि २०१६ पासून लागू झाले. मधला मजकूर मात्र अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच तो चटकन पटतो. गंमत म्हणजे हाच मजकूर पुढे ढकलणारी मंडळी एखादी मोठी घटना घडली की ‘राष्ट्रपतींनी आता तरी सरकार बरखास्त करावं’ अशीही मागणी करतात. एका दिवशी शिक्का, दुसऱ्या दिवशी सम्राट. दोन्ही चूक.

एकेक वाक्य घेऊ.

‘शुभेच्छा देतात’

देतात. आणि त्यातल्या बहुतेक शुभेच्छा वाचवत नाहीत, हे मान्य करायला हरकत नाही. सणाच्या आदल्या दिवशी राष्ट्रपती भवनातून निघणारं पत्रक सरकारी साच्यातलं असतं: सुख, समृद्धी, एकोपा, बंधुभाव. पाडव्याच्या आदल्या दिवशीच्या पत्रकात गुढीपाडवा एकटा नसतो. उगादी, चेटीचंड, काश्मिरी पंडितांचं नवरेह आणि मणिपूरचं साजिबु चेइराओबा हे सगळे एकाच संदेशात असतात. कोणता सण देशाच्या नावाने साजरा होतो, याची ही एक न छापलेली यादीच आहे.

पण शुभेच्छा न देणं हाही निर्णय असतो. कलामांनी इफ्तारची मेजवानी न देता तो पैसा अनाथाश्रमांकडे वळवला. प्रतिभाताई पाटलांच्या काळात मेजवानी पुन्हा होऊ लागली. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वास्तूत कोणत्याच धर्माचे समारंभ नकोत, असं म्हणून कोविंद यांनी २०१८ मध्ये ती थांबवली. तिघांपैकी कोण बरोबर यावर वाद घाला, पण पंतप्रधान कार्यालयातून आलेला कागद वाचून दाखवण्यातला हा प्रकार नव्हे.

परराष्ट्र व्यवहारात तर शुभेच्छा हा चोख हिशोबाचा मामला आहे. जून २०२४ मध्ये तैवानच्या अध्यक्षांनी मोदींचं निवडणुकीबद्दल अभिनंदन केलं, मोदींनी समाजमाध्यमावर आभार मानले, आणि एवढ्यावर चीनने निषेध नोंदवला. पंतप्रधानांच्या खात्यावरच्या दोन ओळी एक वेळ खपून जातात. राष्ट्रपतींच्या सहीचा राष्ट्रीय दिनाचा संदेश म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याला दिलेली ओळख. भारताचे तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून तिथं तो जात नाही.

शिवाय फॉरवर्डवाले दोन भाषणं सोयीने विसरतात. २५ जानेवारी आणि १४ ऑगस्टच्या संध्याकाळी राष्ट्रपती देशाला उद्देशून बोलतात. संसदेच्या अधिवेशनातलं अभिभाषण मंत्रिमंडळ लिहून देतं, त्यात ‘माझं सरकार’ असतं आणि राष्ट्रपती ते वाचतात. या पूर्वसंध्येच्या दोन भाषणांत त्यांना स्वतःचं बोलायला बरीच मोकळीक असते. के. आर. नारायणन यांनी २५ जानेवारी २००० ला ती पुरेपूर वापरली. वाजपेयी सरकार उदारीकरणाचा वेग वाढवत होतं, आणि राष्ट्रपती देशाला सांगत होते की या वेगवान रस्त्यावर दुबळ्या भारतालाही सुरक्षित ओलांडता येईल अशी जागा हवी. सोशीक, वर्षानुवर्षं सहन करणाऱ्या जनतेच्या संतापापासून सावध राहा. त्याआधी, १९९८ च्या स्वातंत्र्यदिनाला, त्यांनी ठरावीक भाषणच टाळलं आणि पत्रकाराला मुलाखत दिली. सगळेच राष्ट्रपती असं करत नाहीत. मग तक्रार त्या व्यक्तीबद्दल करा.

‘पाहुण्यांशी हात मिळवतात’

करार पंतप्रधान करतात, चर्चा दिल्लीतल्या हैदराबाद हाउसमध्ये होते, हे खरं. तरीही कोणत्याही देशाचा राजदूत दिल्लीत उतरला म्हणजे लगेच राजदूत होत नाही. तो आपल्या राष्ट्रप्रमुखाचं अधिकारपत्र आणतो आणि भारताच्या राष्ट्रपतींना देतो. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजदूत हा एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला असतो. सरकारकडे किंवा पंतप्रधानांकडे नव्हे. आपले राजदूत परदेशी जातात तेही राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र घेऊन.

याचं वजन किती, ते तालिबानच्या बाबतीत दिसलं. जानेवारी २०२४ मध्ये शी जिनपिंग यांनी इतर अनेक राजदूतांबरोबर तालिबानच्या राजदूताचंही अधिकारपत्र स्वीकारलं, आणि जगभर बातमी झाली. जुलै २०२५ मध्ये रशियाने अधिकारपत्र स्वीकारलं आणि तालिबान सरकारला मान्यता देणारा पहिला देश ठरला. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी यांना दिल्लीत बोलावलं, जयशंकर यांच्याशी बैठक झाली, काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला दूतावासाचा दर्जा द्यायचं ठरलं. औपचारिक मान्यता मात्र दिली नाही. परराष्ट्रमंत्र्यांच्या टेबलाशी बसणं आणि राष्ट्रपतींच्या हातात अधिकारपत्र देणं यांच्यातलं अंतर म्हणजेच धोरण. ते धोरण सरकार ठरवतं, यात शंका नाही. पण ते ज्या जागी उमटतं ती जागा शोभेची कशी?

आणि मेजवानी. २१ मार्च २००० ला बिल क्लिंटन राष्ट्रपती भवनात जेवायला होते. भारतीय उपखंड ही जगातली सर्वांत धोकादायक जागा आहे, असं वक्तव्य त्यांनी दौऱ्याआधी केलं होतं. यजमान नारायणन यांनी स्वागताच्या भाषणातच त्याचा समाचार घेतला: अशी भयसूचक वर्णनं शांतता बिघडवू पाहणाऱ्यांना आणि दहशतवाद्यांनाच बळ देतात. पाहुण्याला ताटावर बसवून ऐकवण्याचा हा प्रकार काहींना खटकला. मला तो आवडतो. पण आवडणं-खटकणं बाजूला ठेवलं तरी हे ‘हात मिळवणं’ नव्हतं.

‘नाही म्हणायचा अधिकारच नाही’

फॉरवर्डचा कणा हाच, म्हणून इथं थांबू.

कायदा काय म्हणतो ते आधी. अनुच्छेद ७४ सांगतो की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागावं. मूळ घटनेत हे बंधन इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हतं. म्हणून तर राजेंद्रप्रसादांनी नोव्हेंबर १९६० मध्ये जाहीर भाषणात प्रश्न टाकला की भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार खरंच इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत का, याचा अभ्यास व्हावा. नेहरूंना ते रुचलं नाही. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला बंधनकारक ठरवला, १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने तो घटनेतच लिहिला. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण त्याचा अभ्यास १९७६ ला थांबतो. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना एक गोष्ट दिली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावा लागतो. विधेयकाबाबतही तसंच, धनविधेयक (मनी बिल) आणि घटनादुरुस्तीचं विधेयक सोडून कोणतंही विधेयक अनुच्छेद १११ खाली एकदा परत जाऊ शकतं.

एकदाच ना, मग काय उपयोग, असं विचारलं जातं. उपयोग असा.

ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात कल्याण सिंग यांनी विश्वासमत जिंकलेलं. राज्यपाल रोमेश भंडारींच्या अहवालावरून गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली. मंत्रिमंडळाने गुपचूप नाद सोडला आणि सरकार वाचलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार घालवायला तशीच शिफारस केली. तीही परत. म्हणजे वाचलेलं एक सरकार भाजपचं आणि दुसरं त्याच्या विरोधकांचं. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस पुन्हा आली, तेव्हा त्यांनी सही केली, कारण आता घटना तेच सांगत होती. राज्यसभेत बहुमत जमणार नाही हे दिसताच सरकारला ती राजवट काही आठवड्यांत मागं घ्यावी लागली.

झैल सिंग यांचं उदाहरण आणखी मजेशीर. इंदिराजींनी झाडू मारायला सांगितलं तरी मारीन, असं वाक्य त्यांच्या नावावर सांगितलं जातं. यांच्याइतका मम म्हणणारा राष्ट्रपती दुसरा नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं. राजीव गांधींकडे लोकसभेत चारशेहून अधिक खासदार होते. १९८६ मध्ये दोन्ही सभागृहांनी टपाल कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. तिच्यामुळे लोकांची पत्रं अडवून ठेवायचे, उघडायचे अधिकार सरकारला मिळणार होते. झैल सिंग यांनी सही केली नाही. परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. अनुच्छेद १११ मध्ये मुदत लिहिलेली नाही, एवढ्या एका फटीतून ते विधेयक कायमचं अडकलं. त्यांच्यानंतरच्या वेंकटरमण यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी पाठवलं, आणि २००२ मध्ये ते मागं घेतलं गेलं. आपली पत्रं उघडण्याचा तो कायदा झाला नाही, तो झाडूवाल्या राष्ट्रपतींमुळे.

शंकर दयाळ शर्मांनी (हे आपले माजी राज्यपालही) १९९६ च्या निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या दोन वटहुकुमांवर सही करायला नकार दिला, आणि नरसिंह राव सरकारने ते सोडून दिले. कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक, म्हणजे काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी टिकवू देणारं विधेयक, परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली. हरले, पण त्या अडीच महिन्यांत कोणत्या खासदाराकडे कोणतं पद आहे याची चर्चा देशभर झाली.

तेच कलाम २३ मे २००५ ला मॉस्कोत होते. बिहार विधानसभा विसर्जित करायचा निर्णय मंत्रिमंडळाने रात्री घेतला, कागद फॅक्सने मॉस्कोला गेला, सही होऊन आला. सर्वोच्च न्यायालयाने पुढं ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. एकाच माणसाच्या हातून दोन प्रकारच्या सह्या. घटना तीच, अनुच्छेद तेच. मग ‘अधिकारच नाही’ हे वाक्य कोणाच्या सोयीचं? माझ्या मते ते टीकेचा आव आणतं आणि प्रत्यक्षात सही करणाऱ्याला मोकळं सोडतं. तो बिचारा काय करणार, शिक्काच तो! आणि ज्यांनी मध्यरात्री कागद पाठवला, तेही सुटतात, कारण शेवटी सही ‘महामहिमांची’.

नियम १२

केंद्र सरकारचं कामकाज कसं चालावं याचे १९६१ चे नियम आहेत. त्यातला बारावा नियम पंतप्रधानांना मुभा देतो: गरज असेल तर मंत्रिमंडळाची बैठक न घेता पुढं जा, मंजुरी मागाहून घ्या.

२५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधी फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे आणीबाणीचा कागद घेऊन गेल्या, तेव्हा सोबतच्या पत्रात याच नियमाचा आधार घेतला होता. हे मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, असा त्याचा आशय. राष्ट्रपतींनी सही केली. मंत्री सकाळी सहाला जमले तोवर घोषणा झालेली होती. अहमद यांनी ‘सकाळी बैठक होऊ द्या, मग पाहू’ एवढं म्हटलं असतं तरी तो नकार ठरला नसता. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक होता आणि मंत्रिमंडळाने अजून सल्ला दिलाच नव्हता.

२३ नोव्हेंबर २०१९, पहाटे ५ वाजून ४७ मिनिटं. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी आपण सगळ्यांनी चहाच्या कपासोबत टीव्हीवर पाहिला. बऱ्याच घरांत तर आधी कोणाचा विश्वासच बसेना. १२ नोव्हेंबरला राजवट लावताना मंत्रिमंडळ बसलं होतं. उठवताना बसलं नाही. पुन्हा नियम १२. सही रामनाथ कोविंद यांची.

या दोन सह्यांची बरोबरी मी करत नाही. एकीने देशाचे मूलभूत हक्क गोठवले, दुसरीने एका राज्यातली केंद्राची राजवट संपवली, आणि चार दिवसांत त्या सरकारचाही खेळ आटोपला. साम्य फक्त रस्त्याचं आहे. आणीबाणीनंतर जनता सरकारच्या संसदेने तो रस्ता अर्धा बुजवला. अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी जाहीर करायची तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवलेला असलाच पाहिजे, अशी अट ४४ व्या दुरुस्तीने घातली. राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी अशी अट कुठंच नाही, म्हणून २०१९ मध्ये पहाटेचा मार्ग मोकळा होता. सहीला काही किंमतच नसती, तर सहीआधी कोणता कागद समोर असावा हे घटनेत लिहिण्याची तसदी त्या संसदेने घेतली असती का?

‘राष्ट्रपतींचे आदेश म्हणजे पंतप्रधानांचेच’

इथं दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. आपल्या मंत्रालयातून निघणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयाच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं आणि सही असते उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो जीआर पाहिलेलाही नसतो. केंद्रात अनुच्छेद ७७ खाली हेच राष्ट्रपतींच्या नावाने चालतं. असल्या आदेशांबद्दल फॉरवर्ड खरं बोलतो.

दुसरे आदेश घटनेनेच राष्ट्रपतींकडे दिलेले. तेही मंत्र्यांच्या सल्ल्यानेच निघतात, पण एकदा निघाले की पंतप्रधानांनाही नुसत्या हुकमाने बदलता येत नाहीत. १० ऑगस्ट १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश घ्या. त्यात लिहिलं होतं की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांची भर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, आणि केंद्राच्या सवलतींतून ते या एका परिच्छेदामुळे बाहेर पडले. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावं लागलं, तेही संसदेने कायदा केला तेव्हा. दरम्यान नेहरूंपासून व्ही. पी. सिंगांपर्यंत किती पंतप्रधान होऊन गेले ते मोजा. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत एका पिढीचं शिक्षण आणि नोकरी त्या आदेशाच्या शब्दांनी ठरवली आहे.

विदर्भातल्या हलबा-कोष्टींना हे वेगळं सांगायला नको. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा’ आहे, कोष्टी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात सांगितलं की राष्ट्रपतींचा आदेश जसा लिहिला आहे तसाच वाचायचा. राज्य सरकारला त्यात भर घालता येणार नाही, न्यायालयाला चौकशी करून अर्थ ताणता येणार नाही. बदल करायचा तर फक्त संसदेने. एवढा पक्का कागद ‘पंतप्रधानांचाच आदेश’ म्हणून गुंडाळून ठेवायचा?

दयेच्या अर्जाचंही तसंच. अनुच्छेद ७२ खालीही राष्ट्रपती गृहमंत्रालयाच्या सल्ल्याने वागतात. कसाबचा अर्ज ५ नोव्हेंबर २०१२ ला फेटाळला गेला आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी झाली. उलट कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळूनही फाशी झाली नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून ती जन्मठेपेत बदलली. या फायलींवरचा वेळ म्हणजे मान आणि दोर यांच्यातलं अंतर. अवाजवी विलंब हे फाशी बदलण्याचं कारण ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानंतर तो वेळ न्यायालयात मोजला जातो.

राज्यांच्या विधेयकांचाही एक कोपरा आहे. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं आपलं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. ती संमती मिळाली नाही. अशा विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं. मे महिन्यात राष्ट्रपती मुर्मू यांनी अनुच्छेद १४३ खाली १४ प्रश्न न्यायालयापुढे ठेवले. नोव्हेंबरमध्ये आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या घटनापीठाने उत्तर दिलं की न्यायालयाला अशी मुदत बांधता येणार नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती गृहीतही धरता येणार नाही. राज्यांच्या दृष्टीने हे उत्तर मला निराशाजनक वाटतं. पण ज्या सहीला अर्थ नाही, तिच्या मुदतीवर पाच न्यायाधीश बसत नाहीत.

‘इंग्लंडच्या राजाची नक्कल’

बग्गी, अंगरक्षक, तोफा बघून तसं वाटतं खरं. पण ब्रिटनच्या गादीने विधेयकाला संमती नाकारली ती शेवटची १७०८ मध्ये. आपल्याकडचं टपाल विधेयक हयात असलेल्या लोकांच्या आठवणीतलं आहे. राजा जन्माने येतो. राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०, आणि हे अजून १९७१ च्या जनगणनेवर चालतं. राजावर महाभियोग नाही, राष्ट्रपतींवर अनुच्छेद ६१ आहे. मंत्री घटनेवर निष्ठेची शपथ घेतात. राष्ट्रपती तिचं रक्षण करण्याची.

खरा फरक पंतप्रधानच नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो तेव्हा कळतो. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला. आता सल्ला कोण देणार? संजीव रेड्डींनी आधी बोलावलं ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांना. हिमालयाच्या मदतीला गेलेला सह्याद्री पंतप्रधानपदाच्या इतका जवळ पुन्हा कधी आला नाही. चव्हाणांना बहुमत जुळवता आलं नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. लोकसभेला सामोरं न जाताच चरणसिंग पडले आणि त्यांनी विसर्जनाचा सल्ला दिला. जगजीवनराम बहुमताचा दावा करत होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता लोकसभा विसर्जित केली. आपल्याला डावललं हा सल जगजीवनराम समर्थकांच्या मनात कायम राहिला, आणि तो अनाठायी होता असं मला वाटत नाही. १९९६ मध्ये शर्मांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून वाजपेयींना बोलावलं, ते सरकार १३ दिवस टिकलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी मित्रपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं मागितली, मगच वाजपेयींना बोलावलं. तीन राष्ट्रपती, तीन रीती. लोकसभा पुन्हा त्रिशंकू झाली तर चौथी रीत कोणती, हे त्या दिवशी राष्ट्रपती भवनात जो असेल तो ठरवील.

‘रद्द करा’

खर्चावर टीका जरूर व्हावी. बाग, बग्गी, खोल्या सगळ्याचा हिशोब मागावा. पण रद्द करा म्हणणाऱ्यांनी वरची कामं कोणाकडे द्यायची ते सांगावं. पंतप्रधानांकडे? मग स्वतःच्या शिफारशीवर ते स्वतःच फेरविचार मागणार. सरन्यायाधीशांकडे? मग त्या सहीला आव्हान कोणापुढे द्यायचं?

मार्गही सोपा नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या अनुच्छेद ५४ आणि ५५ ला हात लावायचा तर संसदेत विशेष बहुमत लागतं आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. तेवढं सगळं जमलं तरी ते विधेयक शेवटी राष्ट्रपतींकडेच जातं. मात्र तिथं काळजीचं कारण नाही. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीच्या विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे असं ठरवलं आहे. परत पाठवणं नाही, ठेवून देणं नाही. फॉरवर्डमधलं ‘नाही म्हणायचा अधिकारच नाही’ हे वाक्य फक्त त्या एका कागदापुरतं शब्दशः खरं आहे.